गोळी चुकवू नका, पण थांबायचं कधी?



९ सप्टेंबर १९४२ रोजी इथे नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ चाललेल्या व्याख्यानमालेत डॉक्टरानं काय बोलावं, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर त्या सालातच सापडलं. १९४२ साली पश्चिम खानदेशात कुणाला क्षय झाला, तर त्याला देण्यासारखं औषध जगात कुठेही नव्हतं. कॉख या शास्त्रज्ञानं २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू दाखवून दिला होता, पण जंतू माहीत झाल्यानं रोगी वाचत नव्हते. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानंच गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडलं १९४३ मध्ये, म्हणजे शिरीषकुमार गेला त्याच्या पुढच्या वर्षी.

आज औषध आहे. ते फुकट मिळतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं, आशाताई घरी आणून देते. सहा महिने नीट घेतलं तर साधा टीबी बहुतेकांचा बरा होतो. हे मी सुरुवातीलाच ठासून सांगतो, कारण यापुढचा तासभर मी या औषधांच्या एका अपायाबद्दल बोलणार आहे आणि घरी जाताना कुणी 'गोळ्या वाईट असतात' एवढंच घेऊन जाऊ नये. औषध न घेणाऱ्याचं काय होतं ते आपल्याला औषधापूर्वीच्या काळातून नेमकं ठाऊक आहे: थुंकीत जंतू सापडलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे सात जण दहा वर्षांत मरत असत. गोळ्यांना पर्याय नाही.

मला बोलायचं आहे ते एका राहून गेलेल्या वाक्याबद्दल. आपण प्रत्येक रुग्णाला सांगतो, 'एकही गोळी चुकवायची नाही.' हे वाक्य आपण भिंतींवर रंगवलं, पत्रकांवर छापलं, घरोघरी जाऊन सांगितलं. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य सांगायला हवं होतं: 'पण अमुक झालं तर गोळ्या थांबवायच्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात यायचं.' हे दुसरं वाक्य पाड्यापर्यंत फार कमी पोचलं आहे. ते न पोचल्यानं माणसं दगावतात.

आधी यकृताचं काम पाहू. गिळलेलं औषध आतड्यातून रक्तात उतरतं आणि ते रक्त सगळ्यात आधी यकृतातून जातं. औषधाची मोडतोड करून ते शरीराबाहेर टाकण्याजोगं करणं हे यकृताचं काम. टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांच्या उपचारात चार औषधं असतात. त्यांतली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला त्रास देऊ शकतात. चौथं, इथॅम्ब्युटॉल, यकृताच्या बाबतीत बरंचसं निरुपद्रवी आहे. त्याचा धोका डोळ्यांच्या नजरेला असतो. आयसोनियाझिडची विल्हेवाट लावणारं एक एन्झाइम काहींच्या अंगात झपाट्यानं काम करतं, काहींच्या अंगात सावकाश. हे जन्मतः ठरलेलं असतं. भारतात साधारण निम्मे लोक सावकाश गटातले आहेत, आणि यकृताला इजा होण्याची शक्यता त्यांच्यात जास्त दिसते. रिफॅम्पिसिन यकृतातल्या मोडतोडीच्या यंत्रणेला वेग देतं. त्यामुळे आयसोनियाझिडच्या जोडीला ते आलं की त्रास वाढू शकतो. जाता जाता एक सांगून ठेवतो: याच कारणानं रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, आणि हे आपल्याकडच्या बायकांना क्वचितच कुणी सांगतं.

गोळ्या सुरू झाल्यावर बऱ्याच जणांच्या रक्तात यकृताची एन्झाइमं थोडी वाढतात आणि आपोआप खाली येतात. यकृत औषधाशी जुळवून घेतं. ती इजा नव्हे आणि त्यासाठी गोळ्या थांबवायच्या नसतात. खरी इजा काही थोड्यांना होते, बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांत. ती वेळीच ओळखून औषध थांबवलं तर यकृत सहसा पूर्ववत होतं, कारण स्वतःला पुन्हा उभं करण्याची ताकद या अवयवाइतकी दुसऱ्या कुठल्या अवयवात क्वचितच आहे. पण कावीळ दिसू लागल्यावरही गोळ्या चालू राहिल्या, तर गोष्ट हाताबाहेर जाते. बंगळूरच्या सेंट जॉन्स रुग्णालयातल्या हर्षद देवरभावी यांच्या चमूनं २०१० मध्ये औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या ३१३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ५८ टक्के रुग्णांमध्ये कारण टीबीची औषधं होती. एकूण रुग्णांपैकी १७ टक्क्यांहून अधिक मरण पावले. मोठ्या रुग्णालयात पोचणारे रुग्ण मुळातच गंभीर असतात हे धरूनही आकडा हलका नाही.

हा धोका नवा नाही आणि वैद्यकाला तो पूर्वीपासून माहीत आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनियाझिड आणि त्याचं भावंड आयप्रोनियाझिड रुग्णांना दिलं गेलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून वऱ्हांड्यात फिरू लागली. आयप्रोनियाझिड पुढे यकृताच्या इजेमुळे बाजारातून गेलं, आयसोनियाझिड राहिलं. पायराझिनामाइडचा इतिहास मला जास्त बोलका वाटतो. तेही १९५२च्या सुमाराचं. तेव्हा ते आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त मात्रेत आणि लांब मुदतीसाठी देत. यकृताच्या तक्रारी इतक्या आल्या की औषध जवळजवळ अडगळीत गेलं. नंतर पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश संशोधकांनी ते कमी मात्रेत, सुरुवातीच्या दोन महिन्यांपुरतं देऊन पाहिलं, आणि त्याच औषधाच्या जोरावर टीबीचा उपचार सहा महिन्यांवर आला. औषध तेच. मात्रा आणि मुदत बदलली, तेव्हा ते जगाच्या उपयोगी पडलं. मात्रेची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळानं मी तुम्हाला आपल्याकडच्या वजनकाट्यापाशी नेणार आहे.

आणखी दोन गावांची हकिगत सांगतो, दोन्ही अमेरिकेतली. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांत टीबीचा संसर्ग आढळला. पुढे रोग होऊ नये म्हणून २,३२१ जणांना नुसतं आयसोनियाझिड दिलं. त्यांतल्या १९ जणांना यकृताचा आजार झाला आणि दोघे मरण पावले. धडधाकट, कामावर जाणारी माणसं होती ती. १९७५ साली अशाच ११४ रुग्णांचा अभ्यास छापला गेला. त्यात दिसलं की त्रास सुरू झाल्यावरही जे गोळ्या घेत राहिले त्यांची अवस्था जास्त बिघडली. दुसरी हकिगत सिअ‍ॅटलची, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिथल्या सार्वजनिक दवाखान्यानं ११,१४१ लोकांना हेच आयसोनियाझिड दिलं. यकृताची इजा झाली ११ जणांना. मृत्यू एकही नाही. तिथे काय वेगळं केलं? सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या सारख्या चालू ठेवल्या नव्हत्या. दर महिन्याला परिचारिका रुग्णाशी बोलत असे, त्रासाची लक्षणं एकेक करून विचारत असे आणि एका वेळी एका महिन्याच्याच गोळ्या देत असे. 'ही लक्षणं दिसली तर गोळी बंद करा आणि आम्हाला कळवा' हे प्रत्येकाला पक्कं सांगितलेलं होतं. सिअ‍ॅटलचे लोक निरोगी होते, एकच औषध घेत होते. आपले रुग्ण आजारी असतात, तीन-चार औषधं घेतात. तेव्हा ते आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण पद्धत लागू होते. त्या पद्धतीला प्रयोगशाळा कमी लागते, बोलणारं माणूस जास्त लागतं, आणि बोलणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक पाड्यावर आहेत.

टीबीचा उपचार घरी आणण्याचा मान भारताकडे जातो. १९५६ साली मद्रासला टीबीच्या औषधोपचाराचं केंद्र सुरू झालं. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना झोपडपट्टीतल्या घरीच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निकाल आला: बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. घरचे रुग्ण हलाखीत राहत होते, कमी जेवत होते, तरीही. या एका अभ्यासामुळे जगभरच्या सॅनेटोरियमना कुलपं लागली आणि गरिबाला वर्षभर घरदार सोडून राहण्याची गरज उरली नाही. मोठंच काम होतं ते. पण सॅनेटोरियममध्ये सकाळी फेरीला येणारी परिचारिका रुग्णाच्या डोळ्यांत बघत असे, ताट परत गेलं तर विचारत असे. उपचार घरी आला, ती नजर मात्र त्याच्यामागोमाग आली नाही. 'घरचं अपुरं जेवणही चालतं' असा सोपा अर्थही त्या निकालातून काढला गेला आणि पोषणाचा मुद्दा कितीतरी वर्षं मागे पडला. त्याकडे मी परत येईन.

आता आपल्या जिल्ह्याकडे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ, आणि त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, वसावे. अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके सातपुड्याच्या पोटात. खाली नर्मदा, सरदार सरोवराचं पाणी, मणिबेलीसारखी काठावरची गावं. रस्ता जिथे संपतो तिथून माणसाला झोळीत घालून खांद्यावर आणतात हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा ठिकाणी यकृताची रक्ततपासणी म्हणजे नमुना डोंगरातून खाली येणार आणि अहवाल वर जाणार. ज्या काविळीत दोन-तीन दिवस मोलाचे असतात, तिच्यासाठी ही वाट लांब आहे.

वजनकाट्यापासून सुरुवात करू. आपल्या कार्यक्रमात चार औषधं एकाच गोळीत येतात: आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५. रोज किती गोळ्या ते वजनावर ठरतं. २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. ३४ किलोच्या माणसाला पायराझिनामाइड मिळतं ८०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे साडेतेवीस. ३५ किलोच्या माणसाला मिळतं १,२००, म्हणजे किलोमागे ३४. एका किलोच्या फरकानं मात्रा दीडपट होते. शहरात ६० किलोच्या रुग्णाला याचा पत्ताही लागणार नाही. आपल्याकडे प्रौढ माणसं, विशेषतः बायका, नेमक्या या पस्तिशीच्या सीमेवर घुटमळत असतात. काटा शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवलेला, सुई मुळातच शून्यावर नाही, पावरा बाईच्या गळ्यात-पायात चांदी, अंगावर जाड लुगडं. एवढ्यावर तिसरी गोळी ठरते. फळीवर काटा ठेवा, सुई शून्यावर आणा, दागिने उतरवायला सांगा, आणि ज्याचं वजन ३५च्या आसपास आहे त्याचं दोनदा करा. मी आशाताईंना आणि कार्यकर्त्यांना सगळ्यांत आधी हे सांगतो. उपचार चालू असताना वजन वाढलं तर गोळ्याही वाढवायच्या असतात, हेही खरं. कमी मात्रेनं जंतू मरत नाही.

कृश माणसाच्या यकृताची अडचण मात्रेपुरती नाही. औषधाच्या मोडतोडीत तयार होणारे घातक तुकडे निकामी करायला यकृताला जो साठा लागतो, तो अन्नातून येतो. दिल्लीच्या एम्समधल्या पांडे आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये टीबीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या आणि न बिघडलेल्या रुग्णांची तुलना केली. बिघडलेल्यांत वय जास्त, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, दारूचं सेवन जास्त आणि फुप्फुसातला रोग पसरलेला, असं चित्र दिसलं. वय सोडलं तर ही यादी सातपुड्याच्या रुग्णावर बेतून केल्यासारखी आहे.

दारूचा विषय आला तेव्हा मोहाच्या दारूबद्दल बोललं पाहिजे, आणि नीट बोललं पाहिजे. मोहाची धार देवाला टाकल्याशिवाय इथे लग्न होत नाही की इंदलची पूजा होत नाही. त्यावर शहरातून येऊन कुणी प्रवचन देऊ नये. दारू आयसोनियाझिडच्या मोडतोडीचा घातक रस्ता रुंद करते आणि यकृताला आधीच थकवते, हे खरं आहे. म्हणून मी सांगतो, देवाला धार टाका, सहा महिने स्वतः घेऊ नका. बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांना 'दारू सोड, मग गोळ्या देतो' असं सांगणं मात्र चूक आहे. त्यांना औषध द्यायचंच, आणि त्यांच्या डोळ्यांकडे जास्त वेळा बघायचं.

डोळ्यांकडे बघायचं म्हणजे कसं, हेही सांगतो. झोपडीत, बल्बच्या पिवळ्या उजेडात, कावीळ दिसत नाही. रुग्णाला अंगणात दिवसाच्या उजेडात आणायचं. त्याला खाली बघायला सांगायचं, वरची पापणी बोटानं अलगद उचलायची आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग बघायचा. उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यांत कोपऱ्यापाशी पिवळट चरबी असते. ती कावीळ नव्हे. कावीळ सगळ्या पांढऱ्या भागावर सारखी पसरते. आणि पहिली गोळी देण्याआधी त्या माणसाचा डोळा कसा होता हे कार्डावर लिहून ठेवायचं. का, तर या जिल्ह्यात सिकलसेल आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत अनेक घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे गोळ्यांशिवायही पिवळसर असू शकतात, कारण त्याच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. तिथे बिलिरुबिन वाढलेलं असतं, पण एएलटी हे यकृताचं एन्झाइम सहसा फारसं चढत नाही. आधीची नोंद नसेल तर दोन्हीकडून चूक होते: सिकलसेलचा पिवळेपणा पाहून टीबीच्या गोळ्या उगाच बंद होतात, किंवा 'हिचे डोळे असेच असतात' म्हणून खरी कावीळ निसटते. पावसाळ्यात दूषित पाण्याची कावीळ असते ती आणखी वेगळी.

लघवीचा घोळ याहून मोठा. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी-लाल होते. रुग्ण घाबरून औषध सोडू नये म्हणून आपण पहिल्याच दिवशी सांगतो, 'लघवी लाल होईल, काळजी करू नको.' सांगायलाच हवं. पण काविळीतही लघवी गडद होते, आणि तेव्हा तोच माणूस आपलंच वाक्य आठवून निश्चिंत राहतो. फरक सांगता येतो. गोळीचा रंग गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत जास्त असतो आणि दिवस उतरता उतरता फिका होतो. काविळीचा रंग तपकिरी, कडक चहासारखा, आणि दिवसभर तसाच. संध्याकाळची लघवी पांढऱ्या वाडग्यात धरून बघायला सांगितलं की अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही हे कळतं. डोळे पिवळे होण्याआधी बहुधा भूक जाते. ताटावरून माणूस उठतो, भाकरीचा वास नकोसा होतो, पोटात ठरत नाही, बरगडीखाली उजवीकडे दुखतं, अंगात त्राण उरत नाही. गोळ्यांनी पहिले काही दिवस थोडं मळमळणं साधं आहे. ते कमी होत गेलं पाहिजे. वाढत गेलं, उलट्या थांबेनात, तर ती थांबण्याची खूण.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, महिन्याच्या गोळ्या पिशवीत बांधून नेलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. फडात पंधरा दिवस भूक नाही, सकाळी उलटी. टोळीतले म्हणतात, परत जा. मुकादमाची उचल फिटलेली नाही. त्याला एकच वाक्य पाठ आहे, गोळी चुकवायची नाही. तो उलटी झाल्यावर पुन्हा गोळी घेतो. असे रुग्ण होळीच्या आधी गावी आणले जातात तेव्हा हळदीसारखे पिवळे असतात, काही बरळत असतात. यकृत निकामी होऊन मेंदूवर परिणाम झाला की जिल्ह्याच्या ठिकाणीही हातात फार थोडं उरतं. त्या माणसानं सांगितलं ते सगळं इमानानं केलेलं असतं. मला याचा संताप येतो, आणि तो त्याच्यावर नसतो.

आता यातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. कावीळ झालेला माणूस खानदेशात आधी कुठे जातो? कावीळ उतरवणाऱ्याकडे, बडव्याकडे. तिथे पाला मिळतो, पथ्य मिळतं, आणि 'त्या गोळ्या बंद कर' असा सल्ला मिळतो. गोळ्या बंद होतात आणि दोन-तीन आठवड्यांत कावीळ खरोखर उतरते, कारण यकृताला इजा करणारं औषध थांबलेलं असतं. श्रेय पाल्याला जातं. गोळ्यांवर डाग बसतो. माणसाला बरं वाटू लागतं आणि टीबी अर्धवट राहून जातो. काही महिन्यांनी खोकला परततो, आणि तो तेव्हा घरातल्या लेकरांनाही देऊन बसलेला असतो. बडव्यानं थांबवायला सांगितलं हे बरोबरच होतं. पुन्हा सुरू करायला सांगणारं त्याच्या शेजारी कुणी नव्हतं. म्हणून बडव्यांशी भांडण्यापेक्षा त्यांना आपल्यात घ्यावं या मताचा मी आहे. पिवळा डोळा सगळ्यांत आधी तेच बघतात.

थांबवल्यावर पुढे काय, ते ठरलेलं आहे. एएलटी नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर आणि जोडीला त्रास, किंवा त्रास नसताना पाचपटीवर गेलं, तर यकृताला घातक अशी तिन्ही औषधं थांबवतात. कावीळ दिसत असेल तर अहवालाची वाट न बघता थांबवायचं. टीबी जोरात असेल तर मधल्या काळात यकृताला कमी त्रासाची औषधं देऊन रुग्णाला सांभाळता येतं. एन्झाइमं उतरली की औषधं एकेक करून, मधे काही दिवसांचं अंतर ठेवून, परत सुरू करतात. बहुतेकांना ती सोसतात. एम्समध्ये २०१० साली १७५ रुग्णांवर परत सुरू करण्याच्या तीन पद्धती तपासल्या. तिन्हींत ठळक फरक दिसला नाही आणि इजा पुन्हा झाली ती सुमारे ११ टक्क्यांना. म्हणजे दहांतल्या नऊ जणांच्या जवळपास लोक औषधाकडे परत आले. ज्याची कावीळ फार तीव्र होती त्याला पायराझिनामाइड पुन्हा न देता लांब मुदतीचा उपचार देतात. औषधाच्या दुकानातलं लिव्हर टॉनिक यातलं काहीही करत नाही. आणि हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं, घरी बसून करायचं नाही.

पोषणाकडे परत येतो. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या चमूनं झारखंडमध्ये २,८०० टीबी रुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला शिधा दिला. २०२३ मध्ये निकाल आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. ३५ किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे पावणेदोन किलो. तो अभ्यास यकृताचा नव्हता, पण ज्या अंगावर मांस चढतं त्याचं यकृतही भरतं, असं माझं मत आहे. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. बँक खात्यातले पैसे काढायला जो दिवसभर खर्ची घालतो आणि जीपभाडं देतो, त्याच्या ताटात त्यातलं किती उरतं? डाळ, शेंगदाणे आणि तेल गोळ्यांबरोबरच घरी पोचलं पाहिजे.

घरातल्या निरोगी माणसांना हल्ली रोग टाळण्यासाठी औषध देतात, त्याचाही एक शब्द. तिथे आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायचा रिफापेंटिन-आयसोनियाझिडचा उपचार मला जास्त पटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत यकृताचा त्रास या उपचारात ०.४ टक्के आणि नऊ महिन्यांच्या आयसोनियाझिडमध्ये २.७ टक्के होता. आजारी नसलेल्या माणसाला आपण औषध देतो तेव्हा हा फरक मोठा असतो.

दिवाळीला अजून काही आठवडे आहेत. नंतर पाड्यापाड्यावरून गाड्या भरायला लागतील. जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि समोर बसलेल्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येक टीबी रुग्णाचं त्याआधी वजन आणि यकृताची तपासणी व्हावी. ज्यांचं वजन ४० किलोच्या आत आहे, जे दारू घेतात, ज्यांना सिकलसेल आहे त्यांची सगळ्यांत आधी. 'गोळ्या थांबवा आणि दवाखान्यात या' हे दुसरं वाक्य पावरी, भिली, मावची आणि अहिराणीत त्यांच्या फोनवर आवाजात रेकॉर्ड करून द्यावं. सोबत टोळीतल्या एकाला तरी ते ऐकवावं, कारण आजारी माणसाला स्वतःचा डोळा दिसत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत फोन क्रमांक आणि निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीतला त्याचा नंबर पेनानं ठळक लिहावा. निक्षयवरची नोंद राज्य ओलांडलं तरी चालते. बारडोलीच्या सरकारी दवाखान्यात तो नंबर दाखवला की उपचार तिथेही पुढे चालू राहू शकतो. आणि कावीळ झाली म्हणून गोळ्या थांबवून जो दवाखान्यात आला, त्याच्या त्या दिवसांची नोंद 'डोस चुकवले' अशी होऊ नये. त्या चुकलेल्या डोसचा जाब आपल्याला द्यावा लागेल ही धास्ती मी आशाताईंच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. ती धास्ती असेपर्यंत आशाताई रुग्णाला 'थांब' म्हणणार नाहीत. वरिष्ठांनी त्यांना हे लेखी द्यावं, आणि या दिवाळीच्या आत द्यावं.